मोजणारा आत पाठवायचा, पण झडती घेऊन

सर्व्हरवरचा एखादा प्रोग्रॅम दिवसभर नीट चालतो आणि मध्येच दोन सेकंद अडकतो. त्याच्या लॉगमध्ये काही सापडत नाही. प्रोसेसर मोकळा दिसतो, मेमरी भरपूर आहे, डिस्कचा सरासरी वेगही ठीक आहे. मग ते दोन सेकंद गेले कुठे? फाइल वाचणं, नेटवर्कवर काही पाठवणं, मेमरी मागणं, दुसऱ्या थ्रेडची (प्रोग्रॅममधल्या समांतर चालणाऱ्या कामाची) वाट बघणं, यातलं काहीच प्रोग्रॅम एकट्याने पार पाडत नाही. तो ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलला, म्हणजे तिच्या गाभ्याला, सांगतो आणि थांबतो. त्या थांबलेल्या वेळात काय चाललं होतं ते फक्त कर्नलला ठाऊक असतं.

कर्नलच्या पोटात डोकावायची एक पद्धत गेल्या दहा वर्षांत लिनक्सवर चांगली रुळली आहे. तिथे एखादी ठरावीक घटना घडली की आपला एक छोटासा प्रोग्रॅम तिथल्या तिथे चालवायचा. घटना कसलीही असेल: प्रोसेसरने एक थ्रेड बाजूला ठेवून दुसरा घेतला, कुणी फाइल उघडली, डिस्ककडे मागणी गेली, नेटवर्कवरून जाणारा माहितीचा तुकडा, म्हणजे पॅकेट, हरवलं म्हणून पुन्हा पाठवावं लागलं. आपला प्रोग्रॅम त्या क्षणी चालतो, काय घडलं ते बघतो, एखादा आकडा टिपतो आणि संपतो. त्यासाठी कर्नल नव्याने बांधावा लागत नाही की मशीन बंद करून चालू करावं लागत नाही. या यंत्रणेचं नाव ईबीपीएफ.

तिचं कौतुक करताना लोक बहुधा ‘आतलं सगळं दिसतं’ असं म्हणतात. मला ते अर्धंच खरं वाटतं. आतलं बघायच्या सोयी आधीही होत्या. ईबीपीएफने दोन गोष्टी एकत्र आणल्या. एक, मोजणीसुद्धा आतच उरकते आणि बाहेर येतं ते तयार उत्तर. दोन, परक्याने लिहिलेला कोड आत घेण्याआधी कर्नल त्याची सूचना न् सूचना तपासतो. दुसरी गोष्ट नसती तर पहिलीचं धाडस कुणी केलं नसतं.

बाहेर आणून मोजायचा खर्च

सिस्टिम कॉल, म्हणजे प्रोग्रॅमने कर्नलकडे केलेली मागणी, बघायचं सगळ्यांच्या ओळखीचं साधन म्हणजे एसट्रेस. ते पीट्रेस नावाच्या सोयीवर उभं आहे आणि ती सोय डीबगरसाठी, म्हणजे प्रोग्रॅममधल्या चुका शोधणाऱ्या साधनासाठी, केलेली आहे. बघायचा प्रोग्रॅम प्रत्येक सिस्टिम कॉलला दोनदा थांबवला जातो, कर्नलमध्ये शिरताना एकदा आणि बाहेर पडताना एकदा. दर थांब्याला प्रोसेसर त्याला सोडून एसट्रेसकडे जातो, एसट्रेस आपली ओळ लिहितं, मग मूळ प्रोग्रॅमची पाळी येते. सेकंदाला लाखभर छोटे कॉल करणारा डेटाबेस याने अनेक पटींनी मंदावतो. रोगापेक्षा औषध जालीम.

दुसरा मार्ग असा की घडलेली प्रत्येक घटना कर्नलने एका बफरमध्ये लिहायची, ती फाइलमध्ये उतरवायची आणि मागाहून मोजायची. लिनक्सचे एफट्रेस आणि पर्फ हे काम उत्तम करतात, आणि काही प्रश्नांना तोच मार्ग बरा. पण प्रश्न एवढाच असेल की ‘फाइल वाचायला किती वेळ लागतो’, तर काय होतं बघा. लाखो नोंदी कर्नलमधून बाहेर काढायच्या, त्या डिस्कवर लिहायच्या (कदाचित त्याच डिस्कवर, जिच्याबद्दल आपल्याला शंका आहे), मग त्या सगळ्या वाचून शेवटी वीस ओळींचा तक्ता करायचा. काखेत कळसा नि गावाला वळसा. त्या वीस ओळी जिथे घटना घडते तिथेच तयार होऊ शकतात.

ही कल्पना लिनक्सवाल्यांची नव्हे. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये ब्रायन कँट्रिल, माइक शापिरो आणि ॲडम लेव्हेन्थल यांनी डीट्रेस बनवलं आणि २००५ साली सोलॅरिस १० बरोबर ते सगळ्यांच्या हाती आलं. चालत्या मशीनला छोट्या स्क्रिप्टमधून प्रश्न विचारायचा, बेरजा कर्नलच्या आतच करायच्या आणि निष्कर्ष तेवढा बाहेर घ्यायचा, हे त्यात होतं. लिनक्सवर काम करणारे त्याकडे बरीच वर्षं हेव्याने बघत होते.

चिकटवायचं कुठे?

प्रोग्रॅम चिकटवायला मुख्यतः दोन प्रकारच्या जागा मिळतात, आणि त्यांच्यातला फरक कळला की अर्धी डोकेदुखी वाचते.

पहिली म्हणजे ट्रेसपॉइंट. कर्नल लिहिणाऱ्यांनी स्वतःच कोडमध्ये राखून ठेवलेली ही जागा. एक थ्रेड बदलायच्या कोडमध्ये, एक सिस्टिम कॉलच्या तोंडाशी, काही डिस्कच्या मागण्यांपाशी, अशा हजाराहून जास्त जागा आजच्या कर्नलमध्ये असतात. इतक्या जागा ठेवूनही कर्नल मंदावत नाही, कारण कुणी बघत नसेल तेव्हा तिथे ‘काही करू नकोस’ एवढं सांगणारी सूचना भरलेली असते. एक्स८६ प्रोसेसरवर ती पाच बाइटची असते. कुणी प्रोग्रॅम चिकटवला की कर्नल चालता चालता स्वतःच्याच कोडमध्ये फेरफार करतो आणि त्या पाच बाइटांवर उडी मारायची सूचना लिहितो. शेवटचा बघणारा गेला की पुन्हा पूर्ववत. चालत्या कर्नलने स्वतःच्या सूचना बदलायच्या, तेही बाकीचे प्रोसेसर तोच कोड चालवत असताना, हे प्रकरण वाटतं तितकं सोपं नाही, पण तो वेगळ्या लेखाचा विषय.

कुठले ट्रेसपॉइंट आहेत ते बघायला वेगळं पुस्तक लागत नाही. कर्नल ती यादी फोल्डरच्या रूपात दाखवतो: सिस, त्यात कर्नल, त्यात ट्रेसिंग, त्यात इव्हेंट्स. प्रत्येक घटनेचं एक फोल्डर आणि त्यात ‘फॉरमॅट’ नावाची फाइल. घटनेबरोबर कोणती माहिती मिळते, ती कितव्या बाइटपासून सुरू होते, किती लांब आहे, सगळं त्या फाइलमध्ये लिहिलेलं असतं. थ्रेड बदलण्याच्या घटनेची, म्हणजे ‘स्केड-स्विच’ची, फाइल उघडली तर जाणाऱ्या थ्रेडचं नाव, क्रमांक, प्राधान्य आणि तो कोणत्या अवस्थेत प्रोसेसर सोडतोय ते दिसतं, आणि येणाऱ्या थ्रेडचं नाव, क्रमांक, प्राधान्य. ‘अवस्था’ हा तुकडा फार मोलाचा. थ्रेड कशाची तरी वाट बघायला स्वतःहून बाजूला झाला, की त्याला अजून काम होतं पण हुसकावलं गेलं, हे त्यावरून कळतं. सुरुवातीच्या त्या हरवलेल्या दोन सेकंदांचा माग काढायला मी याच घटनेपासून सुरुवात करेन.

फॉरमॅट फाइलमधले पहिले आठ बाइट सगळ्या घटनांना सामाईक असतात: घटनेच्या प्रकाराचा क्रमांक, काही खुणा, थ्रेडचा क्रमांक. ट्रेसपॉइंटला चिकटलेल्या ईबीपीएफ प्रोग्रॅमला ते वाचायची बंदी आहे. कर्नल त्या जागेत स्वतःच्या कामाचा पॉइंटर (मेमरीचा पत्ता) ठेवतो. नवशिक्यांना ही बंदी कोड्यात टाकते, कारण फॉरमॅटमध्ये तर ते बाइट ठळक दिसत असतात.

हे आठ बाइट पूर्वी बारा होते, आणि त्यामागे एक किस्सा आहे. पॉवरटॉप हे वीज किती खर्च होते ते दाखवणारं साधन ट्रेसपॉइंटची माहिती वाचायचं, पण फॉरमॅट फाइल न बघता. कितव्या बाइटवर काय आहे ते त्यात आधीच लिहून ठेवलेलं होतं. कर्नलमधलं जुनं मोठं कुलूप काढून टाकल्यावर सामाईक भागातला त्याच्याशी संबंधित रकाना निरुपयोगी झाला, तो काढला, आणि पॉवरटॉप चुकीच्या जागी वाचू लागलं. ‘वापरकर्त्याचा चालता प्रोग्रॅम मोडायचा नाही’ हा लिनक्सचा कडक नियम, त्यामुळे कुणालाच नको असलेली ती जागा काही काळ तशीच ठेवावी लागली. त्यानंतर काही विभागांचे प्रमुख नवे ट्रेसपॉइंट घालू देताना हात आखडता घेऊ लागले. एकदा जागा दिली की ती निभवावी लागते, ही त्यांची धास्ती. त्यांना दोष देता येत नाही.

दुसरी जागा म्हणजे केप्रोब, आणि तिथे कुणी कसलंच वचन दिलेलं नसतं. कर्नलमधल्या जवळजवळ कुठल्याही फंक्शनच्या सुरुवातीला, हवं तर मध्येही, आपण स्वतः टाचणी टोचायची. ही सोय २००४ पासून, २.६.९ आवृत्तीपासून आहे. त्या जागेवरची मूळ सूचना उचलून कर्नल तिथे ब्रेकपॉइंट (थांबायची सूचना) ठेवतो, तो लागला की आपला प्रोग्रॅम चालतो, मग मूळ सूचना. ब्रेकपॉइंट हाताळायलाच जी फंक्शन लागतात ती यातून वगळलेली असतात, नाहीतर यंत्रणा स्वतःच्याच शेपटीमागे फिरत बसेल.

केप्रोबने सगळा कर्नल खुला होतो, पण ती खुली जागा उद्या असेलच असं नाही. फंक्शनचं नाव बदलतं, त्याला एक पॅरामीटर वाढतो, किंवा कंपायलर (लिहिलेला कोड प्रोसेसरच्या भाषेत आणणारा प्रोग्रॅम) ते फंक्शन बोलावणाऱ्याच्या आत विरघळवून टाकतो आणि टोचायला जागाच उरत नाही. डिस्कच्या मागणीचा वेळ मोजणारी कितीतरी साधनं ब्लॉक विभागातल्या हिशोब ठेवणाऱ्या एका फंक्शनवर विसंबून होती. पुढच्या आवृत्त्यांमध्ये ते असंच विरघळलं आणि ती साधनं मुकाट झाली. शेवटी त्या कामासाठी वेगळे ट्रेसपॉइंट घातले गेले. म्हणून क्रम असा ठेवावा: आधी ट्रेसपॉइंट शोधावा, नाहीच मिळाला तर फंक्शन टोचावं. ५.५ आवृत्तीपासून फंक्शनच्या तोंडाशी आणि शेवटाशी ब्रेकपॉइंटशिवाय प्रोग्रॅम चिकटवता येतो आणि तो केप्रोबपेक्षा स्वस्त पडतो, पण नाव बदलण्याचा धोका तिथेही तोच.

प्रत्यक्ष चिकटवण्याची क्रिया अगदी साधी आहे. एका सिस्टिम कॉलने प्रोग्रॅम कर्नलमध्ये चढवला की त्याचा फाइल डिस्क्रिप्टर, म्हणजे त्याला ओळखणारा एक क्रमांक, मिळतो. ट्रेसपॉइंटच्या फोल्डरमधला क्रमांक देऊन पर्फ यंत्रणेकडून दुसरा डिस्क्रिप्टर घ्यायचा, आणि दोन्हींची गाठ मारायची. आपलं साधन बंद पडलं, अगदी कोसळलं तरी, डिस्क्रिप्टर आपोआप बंद होतात आणि प्रोग्रॅम सुटतो. मागे कचरा राहत नाही.

झडती

आता मुख्य अडथळा. कर्नलमध्ये चालणाऱ्या कोडला कुणीही अडवत नाही. साध्या प्रोग्रॅमने चुकीचा पत्ता वाचला तर तो एकटा मरतो. कर्नलमधल्या कोडने वाचला तर मशीनच बसतं. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइकच्या विंडोज ड्रायव्हरने एक सदोष माहिती-फाइल उचलली, हद्दीबाहेरची मेमरी वाचायचा प्रयत्न केला, आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख मशीन कोसळली. आपण घाईघाईत लिहिलेला वीस ओळींचा प्रोग्रॅम चालत्या सर्व्हरच्या कर्नलमध्ये, सेकंदाला लाख वेळा चालवायचा, हे ऐकून कुणाच्याही पोटात गोळा यायला हवा.

यावरचा तोडगा नेटवर्कच्या बाजूने आला. १९९२ मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतल्या स्टीव्हन मॅकॅन आणि व्हॅन जेकबसन यांनी पॅकेट गाळण्यासाठी एक छोटं काल्पनिक यंत्र मांडलं. टीसीपीडंप या पॅकेटं दाखवणाऱ्या साधनाला हवी असलेली पॅकेटं कर्नलच्या आतच निवडायची आणि बाकीची बाहेर आणायचीच नाहीत, हा हेतू. म्हणजे ‘आत मोजा, थोडं बाहेर आणा’ हा विचार तिथेही होताच. त्या यंत्राच्या भाषेत उडी फक्त पुढे मारता यायची. मागे जाताच येत नसेल तर प्रोग्रॅम कधी ना कधी संपणारच, वेगळ्या पुराव्याची गरज नाही. मला हा नियम फार आवडतो. इतक्या स्वस्तात इतकी मोठी हमी क्वचित मिळते.

२०१४ मध्ये अलेक्सी स्टारोव्होइटोव्ह यांनी हे यंत्र मुळापासून वाढवलं, तेच ईबीपीएफ. दोन रजिस्टरांच्या (आकडे धरायच्या खणांच्या) जागी ६४ बिटांची अकरा आली, त्यातलं एक स्टॅक (प्रोग्रॅमची तात्पुरती मेमरी) दाखवण्यापुरतं राखीव. त्याच वर्षाअखेर ३.१८ आवृत्तीत प्रोग्रॅम चढवायचा सिस्टिम कॉल आला. २०१५ मध्ये, ४.१ मध्ये, हे प्रोग्रॅम केप्रोबला चिकटवता येऊ लागले आणि २०१६ मध्ये, ४.७ मध्ये, ट्रेसपॉइंटना. डीट्रेसचा हेवा करणाऱ्यांची प्रतीक्षा तेव्हा कुठे संपली.

यंत्र वाढलं तसं ‘फक्त पुढे उडी’ एवढ्याने भागेना. आता पॉइंटर होते, मेमरी होती, कर्नलची फंक्शन बोलावता येत होती. म्हणून प्रोग्रॅम चढवताना व्हेरिफायर त्याची झडती घेतो. तो प्रोग्रॅम चालवत नाही. मनातल्या मनात त्याच्या सगळ्या वाटा चालून बघतो. प्रत्येक पायरीला कुठल्या रजिस्टरमध्ये काय आहे याची तो नोंद ठेवतो: हा साधा आकडा, किमान इतका आणि कमाल तितका; हा घटनेच्या माहितीचा पॉइंटर; हा अजून भरलेलाच नाही. न भरलेलं रजिस्टर वाचलं, नकार. पॉइंटरमध्ये आकडा मिळवला आणि तो हद्दीत राहील हे सिद्ध झालं नाही, नकार. स्टॅक ५१२ बाइटांपलीकडे गेला, नकार. ट्रेसिंगची बरीच मदतनीस फंक्शन वापरायची तर प्रोग्रॅमने जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याशी जुळणारा परवाना जाहीर केलेला असावा लागतो, हेही चढवतानाच बघितलं जातं.

सुरुवातीला प्रोग्रॅम ४,०९६ सूचनांपेक्षा लांब चालत नसे आणि लूप निषिद्ध होतं. ५.२ पासून अधिकार असलेल्यांसाठी मर्यादा १० लाखांवर गेली आणि ५.३ पासून लूपही चालतं, मात्र ते संपतं हे व्हेरिफायरला चालून बघता आलं पाहिजे. झडतीतून सुटलेला प्रोग्रॅम मग प्रोसेसरच्या मूळ भाषेत बदलला जातो. तपासणी एकदाच, चढवताना. नंतर घटना लाख वेळा घडली तरी तो खर्च पुन्हा नाही.

व्हेरिफायरशी पहिली ओळख मात्र कडू असते. तुम्हाला स्पष्ट दिसतंय की हा आकडा शंभरापलीकडे जाणार नाही, आणि तो म्हणतो सिद्ध करा. कंपायलरने सूचनांचा क्रम बदलला की काल चाललेला प्रोग्रॅम आज नाकारला जातो. त्याचे नकाराचे निरोप म्हणजे रजिस्टरांच्या अवस्थांच्या पानभर ओळी. त्या तळापासून वर वाचाव्यात. कारण बहुतेक वेळा शेवटच्या दोन-तीन ओळींत असतं.

एक प्रश्न, दोन घटना

उदाहरण घेऊ. फाइल वाचायच्या सिस्टिम कॉलला किती वेळ लागतो? यासाठी दोन ट्रेसपॉइंट लागतात, कॉल आत शिरला तो आणि कॉल परतला तो. दोन छोटे प्रोग्रॅम, एकेका जागी एकेक.

पहिला घड्याळ बघतो आणि वेळ लिहून ठेवतो. पण कुठे? प्रोग्रॅम संपला की त्याचा स्टॅक गेला. मागच्या वेळी काय झालं हे त्याला आठवत नाही. म्हणून ईबीपीएफमध्ये मॅप असतात: कर्नलमध्ये राहणारे तक्ते, जे सगळे प्रोग्रॅम वाचू-लिहू शकतात आणि बाहेरचं साधनही वाचू शकतं. पहिला प्रोग्रॅम थ्रेडच्या क्रमांकासमोर सुरुवातीची वेळ लिहितो. दुसरा त्याच क्रमांकासमोरची वेळ काढतो, आताच्या वेळेतून वजा करतो, उत्तर कुठल्या कप्प्यात बसतं ते बघून त्या कप्प्याचा आकडा एकने वाढवतो, आणि नोंद पुसतो.

थ्रेडचा क्रमांक हे मुद्दाम म्हटलं. कर्नलचं मदतनीस फंक्शन एकाच ६४ बिटी आकड्यात दोन क्रमांक देतं: वरच्या ३२ बिटांत प्रोसेसचा, खालच्या ३२ मध्ये थ्रेडचा. सवयीने वरचा भाग घेतला तर एकाच प्रोसेसचे दोन थ्रेड एकाच वेळी वाचत असताना एकमेकांच्या वेळा पुसतात. प्रोग्रॅम तक्रार करत नाही, आकडेही येतात, फक्त खोटे.

दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये ‘नोंद सापडली नाही तर परत फिर’ ही ओळ विसरलात तर व्हेरिफायर तो चढवूच देत नाही. मॅपमध्ये शोधल्यावर मिळालेला पॉइंटर रिकामा असू शकतो, तो तपासल्याशिवाय वापरायचा नाही, हा त्याचा नियम. त्रासदायक वाटतो ना? पण आपण प्रोग्रॅम चिकटवला त्या क्षणी मशीनवर कितीतरी थ्रेड आधीच वाचायच्या कॉलमध्ये अडकून बसलेले असतात, कुणी कीबोर्डची वाट बघत, कुणी दुसऱ्या प्रोसेसकडून येणाऱ्या मजकुराची. त्यांचं शिरणं आपण पाहिलेलं नाही, परतणं मात्र पाहणार. त्यांची नोंद नसणारच. व्हेरिफायरला ही गोष्ट माहीत नाही, त्याला फक्त ‘रिकामा असू शकतो’ एवढंच कळतं. पण त्या कोरड्या नियमाने अडवलेली चूक पहिल्या सेकंदातच घडली असती.

कप्प्यांबद्दल थोडं. ते दुपटीने वाढतात: एक मायक्रोसेकंदापर्यंत, मग २ ते ३, ४ ते ७, ८ ते १५, असे. सरासरी का नको? समजा ९९ वेळा मजकूर मेमरीतच होता आणि प्रत्येकी २ मायक्रोसेकंद लागले, आणि एकदा फिरत्या डिस्ककडे जावं लागलं नि ८ मिलिसेकंद लागले. सरासरी येते सुमारे ८२ मायक्रोसेकंद. इतका वेळ एकाही वाचनाला लागलेला नाही. कप्प्यांच्या तक्त्यात दोन वेगळे उंचवटे दिसतात, आणि खरी हकीकत त्यांच्यातल्या दरीत असते. शिवाय आठवडाभर मोजलं तरी हा तक्ता वीस-तीस आकड्यांचाच राहतो.

कप्प्याचा आकडा वाढवतानाही एक खाच आहे. दोन प्रोसेसर एकाच क्षणी तोच कप्पा वाढवू लागले तर एक वाढ हरवते. अविभाज्य (मधे दुसऱ्याला शिरू न देणारी) बेरीज वापरा, किंवा प्रत्येक प्रोसेसरचा वेगळा तक्ता ठेवून बाहेर आल्यावर बेरीज करा. गर्दीच्या घटनांना दुसरा उपाय बरा.

काय निसटतं

व्हेरिफायर हमी देतो ती कर्नल पडणार नाही याची. तुमचं उत्तर बरोबर आहे याची हमी कुणीच देत नाही.

फाइल उघडायच्या कॉलच्या तोंडाशी उभं राहून फाइलचं नाव छापणं हे तर सगळ्यांचं आवडतं पहिलं उदाहरण. घटनेबरोबर नाव येत नाही, नाव जिथे आहे त्या मेमरीचा पत्ता येतो, आणि ती मेमरी असते वापरकर्त्याच्या प्रोग्रॅमची. ते पान त्या क्षणी मेमरीत आणलेलं नसेल तर आपल्या प्रोग्रॅमला ते आणून घेता येत नाही, कारण त्याला थांबायची, झोपायची मुभा नाही. मदतनीस फंक्शन चूक परत देतं आणि नाव कोरं छापलं जातं. कोरी ओळ दिसली म्हणून लोक साधनावर चिडतात. दुसरं गंभीर: आपण नाव वाचलं आणि कर्नलने ते वाचलं या दोन क्षणांच्या मधे दुसरा थ्रेड ते बदलू शकतो. वेग मोजायला याने बिघडत नाही. पण ‘अमुक फाइल उघडली तर पकडायचं’ असा पहारा या जागेवर बसवला तर तो चकवता येतो. पहाऱ्यासाठी ५.७ पासून सुरक्षा विभागाच्या वेगळ्या जागा आहेत, जिथे कर्नलने नाव आधीच आपल्याकडे उतरवून घेतलेलं असतं.

मॅपला ठरलेली क्षमता असते. तो भरला की नवी नोंद नाकारली जाते, आणि चूक झाल्याचा परत आलेला निरोप तुम्ही बघितला नाही तर कळतही नाही. प्रत्येक घटना बाहेर पाठवायची असेल तर रिंग बफर वापरतात. बाहेरचा वाचणारा मागे पडला की घटना टाकून दिल्या जातात, कर्नल कुणासाठी थांबत नाही. एका ट्रेसिंग प्रोग्रॅमच्या चालण्यातूनच त्याच प्रोसेसरवर दुसरी केप्रोब किंवा ट्रेसपॉइंटची घटना उठली, तर दुसरा प्रोग्रॅम गाळला जातो, नाहीतर अंत नसलेली साखळी सुरू होईल. आणि लिहिण्याच्या सिस्टिम कॉलवर नजर ठेवणारं साधन स्वतःच्या ओळी छापायला तोच कॉल करतं, त्याची घटना होते, तीही छापली जाते... स्वतःचा क्रमांक गाळायला विसरणाऱ्याची स्क्रीन धो धो वाहते. हे एकदा तरी प्रत्येकाचं होतंच.

खर्चाचा अंदाज आधी काढावा. समजा प्रत्येक घटनेला आपला प्रोग्रॅम १०० नॅनोसेकंद घेतो. सेकंदाला हजार घटना असतील तर तो विसरून जा. सेकंदाला १० लाख असतील तर दर सेकंदात एक दशांश सेकंद, म्हणजे एका प्रोसेसरचा दहा टक्के वेळ तुम्ही खाल्ला. आतलं मोजणं स्वस्त असतं, फुकट नाही.

व्हेरिफायरही माणसांनीच लिहिलेला आहे. २०२० मध्ये त्यात एक त्रुटी सापडली: ३२ बिटी तुलनेनंतर आकड्याची हद्द तो चुकीची धरत होता, आणि त्याचा फायदा घेऊन साध्या वापरकर्त्याला कर्नलची मेमरी वाचता-लिहिता येत होती. त्याआधी २०१८ मध्ये प्रोसेसरमधल्या त्रुटीचा फायदा घेणाऱ्या स्पेक्टर हल्ल्याच्या प्रात्यक्षिकात ईबीपीएफचा वापर झाला होता. तेव्हापासून साध्या वापरकर्त्यांसाठी हे दार बहुतेक ठिकाणी मुळातच बंद ठेवलेलं असतं. ५.८ पासून रूटचे (मशीनच्या मुख्य वापरकर्त्याचे) सगळे अधिकार न देता फक्त ईबीपीएफ आणि ट्रेसिंगपुरते अधिकार देता येतात, पण तेही जपून द्यावेत. कर्नलच्या आतून बघणाऱ्याला दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधून जाणारे पासवर्डही दिसतात.

हात लावून बघायचा असेल तर सी भाषेपासून सुरुवात करू नका. ॲलिस्टर रॉबर्टसन यांनी सुरू केलेलं बीपीएफट्रेस घ्या. त्यात वरचं वाचनाच्या वेळेचं उदाहरण दोन-तीन ओळींत मावतं. मॅप बनवणं, चिकटवणं, शेवटी तक्ता छापणं ते स्वतः करतं. आभासी मशीनवर करा, आणि आधी त्याच्याकडून ट्रेसपॉइंटची यादी मागून ती चाळा. मग निवडलेल्या घटनेवर काहीही न छापता फक्त मोजणी लावा, पाच सेकंद चालू द्या. आकडा शेकड्यांत आला तर खुशाल प्रत्येक घटनेची ओळ छापा. लाखांत आला तर छापायचा विचार सोडा आणि मोजणी आतच ठेवा.